तोरणात खोवलेली डहाळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. देवासमोर हात जोडतानाही नाही — तिथे मी नेहमी दुसरंच काहीतरी मागत राहिले. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही माझ्या गावचे नाही, नात्यातले नाही, हे एक कारण असेल. आणि सगुणा आता नाही, हे दुसरं. ती असेपर्यंत माझी जीभ उचलली नसती. हे आधीच सांगते, म्हणजे माझ्याबद्दल फार चांगलं मत करून घेऊन वाचायला बसू नका.

सगुणा म्हणजे आमच्या समोरच्या घरची सून. दवनीवाड्याच्या अलीकडे आमचं गाव, धानाच्या बांध्यांच्या मधोमध. बोळ इतका अरुंद की ती तिच्या ओसरीवर बसायची, मी माझ्या, आणि तांदूळ निवडता निवडता गप्पा चालायच्या. आवाज चढवावा लागत नसे. एकाच उन्हाळ्यात आम्ही दोघी लग्न होऊन त्या गावात आलो. दोघींना दिवसही जवळपास बरोबरच राहिले. बाया चिडवायच्या, ‘ठरवून केलं का वो?’ सगुणा लाजायची नाही, उलट म्हणायची, ‘तुले पोरगा झाला न मले पोरगी, त आपली सोयरीक पक्की. हुंडा मी नाई देनार पन.’ ती अशी होती. मी तशी नव्हते. मी भित्री होते — आणि भित्रं माणूस किती वाईट असू शकतं, हे मला त्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

ते सत्तावन्न साल. त्या पावसाळ्यात तापाची साथ आली. शिकलेले लोक तिला फ्लू म्हणत, आमच्याकडे नुसता ‘ताप’ म्हणत. डोकं फुटल्यासारखं दुखायचं, अंग मोडायचं, आणि खोकला. बहुतेक माणसं आठवड्याभरात उठून बसायची, पण म्हातारी दगावायची. आणि पोटुशा बाया. त्या का दगावतात ते कुणी सांगू शकत नव्हतं, पण ऐकू यायचं — अमक्या गावची सून गेली, तमक्याची लेक गेली, पोटातलं पोटातच राहिलं. मी ऐकायची आणि पोटावर हात ठेवून बसायची.

गोंदियाला दवाखाना होता. पण तिथे तापाचे रोगी जमिनीवर निजवलेत, बाळंतिणीला जागा कुठून मिळणार, असं जाऊन आलेले लोक सांगत. शिवाय नाल्याला पूर, वाट चिखलात रुतलेली, छकडा जाणार कसा? आमच्या भागात एक नर्सबाई फिरायची, ती स्वतःच आजारी पडली. उरली भिवरादाई. बोदलकशाकडून लग्न होऊन आलेली ढिवराची बाई. नवरा तलावात जाळं टाकायचा आणि ही आसपासच्या बाळंतिणी सोडवायची. उंच, काळीसावळी, बोलणं तोडून टाकणारं. पण हात असे की पोटावर ठेवले की पोरीचं रडणं थांबायचं.

आता गावातल्या त्या डहाळीचं सांगायला हवं. ताप पसरायला लागला तसा पंचांनी नियम केला — ज्या घरात ताप, त्या घराच्या दाराला कडुनिंबाची डहाळी. देवी आल्या म्हणजे लावायचे तशीच. कोतवाल फिरायचा, कुणाच्या घरातून खोकला ऐकू आला की डहाळी खोवून पुढे. डहाळी लागली की त्या घरात कुणी पाय ठेवत नसे. विहिरीवर त्या घरच्या बाईने सगळ्यांनंतर यायचं. म्हणून लोक ताप लपवायचे. कोतवालाने विचारलं की घरोघर एकच उत्तर — ‘आमच्या घरी ताप नाई गा.’ इतक्यांनी ते म्हटलं, की खरं म्हणणाऱ्यावरही कुणी विश्वास ठेवीना.

भिवरादाईनेही एक नेम केला होता. टोल्यावर, गावाबाहेरच्या वस्तीत, एका तापाच्या घरची बाळंतीण सोडवून ती तशीच दुसरीकडे गेली होती, आणि ती दुसरी पोर चांगली बाळंत होऊन मग तापाने गेली. तेव्हापासून भिवरा डहाळीच्या घरात जात नसे. अंगणात उभी राहून आतल्या बाईला सांगायची — असं धर, असं चोळ, आता जोर करू दे. ‘एकीच्या घरून दुसरीच्या घरी मरन नेऊ का मी?’ असं म्हणायची. तिचं चुकलं, असं मी कधी म्हणणार नाही.

आमच्या घरात ताप होता.

हे आत्ताच लिहून टाकते, नाहीतर पुढचं लिहायला हात धजणार नाही. सासूबाईंना पोळ्याच्या दोन दिवस आधी ताप भरला. नवऱ्याने त्यांना मागच्या खोलीत निजवलं, दार लावून घेतलं आणि मला बजावलं की बाहेर एक शब्द बोलायचा नाही. कुणी विचारलं तर आई कामठ्याला लेकीकडे गेली आहे. नवऱ्याचं म्हणणं, डहाळी लागली तर भिवरा आत येणार नाही, आणि तू पहिलटकरीण. सासूबाई बिचाऱ्या तोंडात लुगड्याचा पदर कोंबून खोकायच्या.

माझी आई माझ्या धाकट्या भावाच्या वेळी गेली होती. मी दाराशी बसलेली होते, लहान होते. तो आवाज मला रोज आठवायचा. सांगून ठेवते फक्त. सबब म्हणून सांगत नाही.

पोळ्याच्या दिवशी सकाळी भिवरा दोघींना पाहून गेली. आधी मला, आमच्याच ओसरीवर. ‘तुहं आज नाई त उद्या होते. सोपं हाये तुहं, घाबरू नको,’ म्हणाली. मग समोर गेली. तिथे बराच वेळ लागला. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा निराळा होता. सगुणाच्या सासूला ती सांगत होती ते मला इकडे स्पष्ट ऐकू येत होतं — ‘लेकरू आडवं हाये. फिरवा लागन. कळा सुरू झाल्या का मले बलाव, मी इथंच बसून राहीन. दुसरीकडं जानं नाई होनार मग.’

दुसरीकडे. म्हणजे माझ्याकडे. तुम्ही म्हणाल, तुझं सोपं होतं ना? होतं. तिने सांगितलं होतं. पण ज्या माणसाला भीतीने धरलंय, त्याला ‘सोपं’ हा शब्द ऐकू येतो का? मला एवढंच ऐकू आलं की भिवरा समोर बसेल आणि मी इथे एकटी, आईसारखी.

दुपार झाली. पोळा भरायचा होता. साथ असली तरी पोळा कुणी सोडत नाही. बैलांना कुठे ताप आला होता? रंगवलेल्या शिंगांचे बैल घेऊन गावातले सगळे पुरुष मैदानाकडे गेले, पोरंटोरं त्यांच्या मागे, बाया स्वयंपाकात. बोळ रिकामा झाला. मला कळा जाणवायला लागल्या होत्या, बारीक बारीक. पाणी घ्यायला ओसरीवर आले — आणि पाहिलं तर आमच्या दारात डहाळी.

कोतवाल केव्हा येऊन गेला कळलंच नव्हतं. आंब्याच्या पानांच्या तोरणात ती कडुनिंबाची डहाळी खोवलेली, ताजी, तिला पावसाचे थेंब लागलेले. सासूबाईंचा खोकला त्याने ऐकला असणार.

किती वेळ मी तिच्याकडे पाहत उभी होते? खरं सांगू — फार नाही. विचार केला असता तर कदाचित काढून फेकून दिली असती, उकिरड्यात टाकली असती. तेवढ्याने माझं काम झालं नसतं. भिवरा तरीही सगुणाकडेच गेली असती, आणि माझं लक्ष सकाळपासून त्या एकाच गोष्टीवर होतं. मी डहाळी काढली. पदराखाली धरली. बोळ ओलांडला — चार पावलांचा बोळ — आणि ती सगुणाच्या दाराच्या तोरणात खोवली.

हेच ते. हेच सांगायचं होतं.

तिच्या ओसरीवर तिचे सासरे बाजेवर पडलेले होते. डोळ्यांत मोतीबिंदू, दिसत जवळपास नव्हतंच. मी टाचा उंचावून डहाळी खोवत असताना ते खोकले. त्यांचा तो खोकला जुना, बिडीचा. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते. ‘कोन हाये गा?’ त्यांनी विचारलं. मी परत आले आणि दार लोटून घेतलं.

थोड्या वेळाने भिवरा आली. बोळाच्या तोंडाशीच तिची पावलं थांबलेली मी ऐकली. मग ती आमच्याकडे वळली. आत येऊन पदर कमरेला खोचत म्हणाली, ‘सगुणीच्या घरी कोतवालानं निंब लावला. सकाळी त कोनी बोललं नाई मले. मी आत जाऊन आली त्या घरात, सांगा लागत नोहोतं का?’ तिने हात राखेने घासले, गरम पाण्याने धुतले, पुन्हा घासले. माझ्याकडे यायच्या आधी. माझ्यासाठी.

कळा वाढल्या. आणि जरा वेळाने समोरूनही आवाज यायला लागला.

सगुणाचा नवरा पोळ्यातून धावत आला. आमच्या अंगणात उभा राहून त्याने भिवराला हाक मारली. मी आत होते, एक कुडाची भिंत मध्ये. तो म्हणत होता, ‘माय, आमच्या घरी ताप नाई वो. बाबाचा खोकला जुना हाये. साऱ्या गावाले माहीत हाये.’

‘सारेच असंच म्हनतेत, बापू,’ भिवरा म्हणाली.

‘मी कायले खोटं बोलू? लेकराची आन.’

‘लेकरासाठीच बोलतेत सारे. कोतवालाले आन, तो म्हनला का मी लावली नाई, त येतो मी.’

आणि त्याने कोतवालाला आणलं. पोळ्याची दुपार, कोतवाल मोहाच्या दारूचे चार घोट पिऊन आलेला. पण खोटं बोलला नाही तो. म्हणाला, ‘या बोळात एक लावली मी. खोकला आयकला म्हनून लावली.’ कुठल्या दाराला, हे त्याला कुणी विचारलं नाही. डहाळी तर समोर दिसतच होती.

मी सगळं ऐकत होते. तुम्हाला वाटेल कळांमुळे मला बोलता येत नव्हतं. येत होतं. दोन कळांच्या मध्ये वेळ असतो, चांगला असतो. त्या वेळात मी पाणी मागितलं. त्या वेळात मी भिवराला विचारलं की अजून किती. डहाळी उचलून बोळ ओलांडायला किती वेळ लागतो — ती एका घाबरलेल्या पोरीची चूक म्हणून कुणी सोडूनही देईल. पण ती सबंध दुपार मी गप्प राहिले. एक वाक्य होतं. ‘ताप आमच्याकडे आहे.’ एवढंच. ते मी बोलले नाही.

भिवरा मधूनमधून आमच्या अंगणात जायची आणि तिथून समोर ओरडून सांगायची. सगुणाच्या सासूला — हात तेलात बुडव, वरून दाब, डावीकडून, जोरानं नाई वो, हळू. सासूचं रडणं ऐकू यायचं, ‘मले नाई समजून राहिलं, मले नाई जमत.’ मग सगुणाची किंकाळी. ती माझं नाव घेऊन ओरडली एकदा. का, ते मला माहीत नाही. कदाचित मलाही तसंच होत असेल असं वाटून.

बैल परत यायच्या वेळी, दिवेलागणीला, मला मुलगा झाला. अगदी सहज झाला. भिवराने सांगितलं होतं तसाच. गल्लीतल्या कुठल्याही म्हातारीने सोडवलं असतं मला.

भिवरा नाळ कापून बाळाला पुसत होती, आणि मागच्या खोलीतून सासूबाई खोकल्या. नातवाचं रडणं ऐकून त्यांना राहवलं नसावं, तोंडातला पदर सुटला. खोकला थांबेना. भिवराचे हात थांबले. तिने मागच्या दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

‘तुही सासू कामठ्याले गेली ना वो?’

मी डोळे मिटून घेतले. ग्लानी आल्याचं सोंग केलं — होय, सोंग.

‘तुमच्या दाराले काऊन नाई निंब?’

मी डोळे उघडले नाहीत. तिने बाळ माझ्या कुशीत ठेवलं, नीट, डोक्याखाली हात देऊन ठेवलं. आणि स्वतःशी बोलल्यासारखी म्हणाली, ‘मी त तापाच्याच घरात बसली दिवसभर.’ मग आपलं गाठोडं उचलून ती सरळ समोर गेली. आता तिला कुठल्याच घराचं भय उरलं नव्हतं.

पहाटेपर्यंत ती तिथे होती. सगुणा वाचली. पोरगी झाली होती. मेलेली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत काढतात. पोळ्याला दाराला लावलेल्या पळसाच्या डहाळ्या पोरं उजाडायच्या आत गोळा करतात आणि ओरडत ओरडत वेशीबाहेर नेऊन टाकतात — खोकला घेऊन जा, रोगराई घेऊन जा. त्या वर्षी जरा जास्तच जोराने ओरडत होती. सगुणाच्या दाराची पळसाची डहाळी नेताना कुणीतरी ती कडुनिंबाचीही उपटून घेऊन गेलं. मी बाळाला पाजत पडले होते. मला काय वाटलं माहीत आहे? बरं वाटलं. आता ती कुणाला दिसणार नाही, असं वाटलं. या गोष्टीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

पुढे मला ताप आला, घरातलाच. मी वाचले, पण दूध आटलं. बाळ रडून रडून काळंनिळं व्हायचं. भिवराही तापाने पडली होती, कुणाला विचारणार? एका सकाळी सगुणा बोळ ओलांडून आली. भिंतीला धरत धरत आली. दारात उभी राहून म्हणाली, ‘दे त्याले. माहं दूध वाया जाऊन राहिलं.’

मी दिला. माझा मुलगा तिच्या दुधावर वाढला. तिला ‘माय’ म्हणायचा, मला ‘बाई’. तिला पुन्हा कधी मूल झालं नाही. आतून काही बिघडलं होतं, भिवराने तिला तसं सांगितलं होतं. भिवरा बरी झाल्यावर मला एकदा विहिरीवर भेटली. बराच वेळ पाहत राहिली. मला वाटलं आता विचारेल. तिने घागर उचलली आणि गेली. तिला ताप कळला होता. डहाळीचं कळलं होतं का, ते मला कधीच समजलं नाही. पण माझ्या पुढच्या दोन्ही बाळंतपणांना ती आली नाही.

आणि सगुणाचे सासरे. त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. त्यांना वाटत राहिलं की कोतवालाने त्यांचाच खोकला ऐकला. ‘मी त्याचे पाय आयकले, तो दाराशी उभा होता तवाच खोकललो मी,’ असं ते ज्याला त्याला सांगायचे. त्यानंतर ते घरात खोकले नाहीत. उबळ आली की काठी टेकत परसात जायचे, पार कुंपणापाशी, आणि धोतराचा सोगा तोंडात धरून खोकायचे. पावसात, थंडीत. बाळाला पाहायला आले तेव्हा आमच्या अंगणातच थांबले, आत आले नाहीत. ‘माह्यापायी आमच्या घरचं गेलं, तुमच्या घरचं तरी राहू दे,’ म्हणाले. ते बोलले, आणि मी त्यांना गूळपाणी दिलं. ते तसंच वाटून घेऊन मेले. मी त्यांना मरू दिलं.

सगुणा मात्र कधी त्यांना बोलली नाही. कुणालाच बोलली नाही. दरवर्षी पोळा आला की सकाळी ती तिच्या ओसरीवरून मला हाक मारायची. पळसाची डहाळी आणून ठेवलेली असायची तिने. ‘माह्या दाराले तूच लाव वो,’ म्हणायची. ‘तुहा हात चांगला हाये.’

मी जायची. टाचा उंचावून त्याच तोरणात खोवायची. म्हातारपणी हात पुरेना, तेव्हा पाट घेऊन चढायची, आणि पाट ती धरायची. ती गेली त्या वर्षापर्यंत एकही पोळा चुकला नाही.